हिमवादळ, बंद शाळा आणि रिमोट डे : अमेरिकेतील मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर जवळ आला की अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांकडून तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात, आणि पहिले हिमवादळ होऊन गेले की त्यांत अनुभवातून निघालेल्या नव्या प्रश्नांची भर पडते. ते सारे प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसरीकडे पुन्हा द्यावी लागू नये, म्हणून जेथे संबंध येतो तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियम राज्यागणिक वेगळे असतात आणि बदलतही असतात, त्यामुळे आपल्या स्कूल डिस्ट्रिक्टचे (म्हणजे परिसरातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचे) चालू वर्षाचे कॅलेंडर आणि पालकांसाठीची पुस्तिका हाच अखेरचा आधार समजावा.

१. शाळा बंद ठेवायची हे नेमके कोण ठरवतो? आपल्याकडच्यासारखे कलेक्टर, की शाळेचे मुख्याध्यापक?

स्कूल डिस्ट्रिक्टचा सुपरिंटेंडंट, म्हणजे त्याचा मुख्य प्रशासक, ठरवतो. महाराष्ट्रात अतिवृष्टीची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, आणि त्यांचा आदेश जिल्ह्यातील सरकारी व खासगी अशा सर्व शाळांना लागू होतो. अमेरिकेत शालेय शिक्षण हा राज्यांचा विषय आहे आणि राज्यांनी तो सुमारे तेरा हजार स्वतंत्र स्कूल डिस्ट्रिक्टांवर सोपवला आहे. प्रत्येकाचे आपले बोर्ड असते, आणि बहुतेक ठिकाणी बोर्डानेच नेमलेल्या सुपरिंटेंडंटकडे त्या दिवसाचा निर्णय असतो. मुख्याध्यापकांना तो अधिकार नसतो, म्हणून पहाटे त्यांना ई-मेल करून उपयोग होत नाही.

गव्हर्नरने आणीबाणी जाहीर केली म्हणजे शाळा आपोआप बंद झाल्या असेही नाही. मात्र गव्हर्नरने राज्यभरातील शाळा बंद ठेवल्याची उदाहरणे आहेत. ६ जानेवारी २०१४ रोजी मिनेसोटाचे गव्हर्नर मार्क डेटन यांनी कडाक्याच्या थंडीमुळे राज्यातील सर्व सार्वजनिक शाळा बंद ठेवल्या होत्या, आणि असे सतरा वर्षांनी प्रथमच घडले होते. एरवी हा निर्णय स्थानिकच राहतो.

२. शेजारच्या गावाला सुट्टी आणि आमची शाळा चालू, असे कसे? जिल्हा तर एकच आहे ना?

येथे भाषेमुळे गोंधळ होतो. आपल्या मनातला ‘जिल्हा’ म्हणजे अमेरिकेतली काउंटी. स्कूल डिस्ट्रिक्ट ही वेगळी हद्द आहे. न्यू जर्सीसारख्या लहान राज्यात सुमारे सहाशे डिस्ट्रिक्ट आहेत, त्यामुळे एकाच काउंटीत, किंबहुना एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना, दोन सुपरिंटेंडंट दोन वेगळे निर्णय घेऊ शकतात. एका गावाचे रस्ते रात्रीतून साफ झालेले असतात, दुसऱ्याचे नसतात. एका गावात बहुतेक मुले चालत येतात, दुसऱ्यात बसने.

व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये परिस्थिती उलट आहे, कारण तेथे बहुतांशी संपूर्ण काउंटीचे एकच डिस्ट्रिक्ट असते. त्यामुळे तक्रारही उलटी येते : ‘आमच्या घराजवळ रस्ता कोरडा ठणठणीत आहे, मग सुट्टी कशाला?’ उदाहरणार्थ, व्हर्जिनियातील लाउडन काउंटीचा पूर्व भाग दाट वस्तीचा आणि सपाट आहे, पण पश्चिमेकडे डोंगराळ, खडीचे रस्ते आहेत आणि तेथे बर्फ दिवसभर तसाच राहतो. बसच्या वेळापत्रकात दोन्ही भाग एकत्र गुंफलेले असल्यामुळे फक्त पूर्व भागाच्या शाळा उघडणे नेहमी शक्य होत नाही. हवाई राज्यात तर सगळ्या राज्याचे मिळून एकच डिस्ट्रिक्ट आहे.

३. निर्णय पहाटे पाचला का येतो? रात्रीच सांगून टाकले तर आम्हाला कामाची सोय करता येणार नाही का?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्यामागची अडचण खरी आहे. मात्र निर्णय कसा घेतला जातो हे कळले की वेळेचे कारणही समजते. वादळाच्या रात्री डिस्ट्रिक्टच्या बस विभागाची माणसे तीन-चारच्या सुमारास स्वतः गाडी घेऊन बाहेर पडतात आणि चढ, पूल, अरुंद गल्ल्या व बसथांबे डोळ्यांनी पाहतात. त्याच वेळी गावाचा रस्ते विभाग आणि पोलीस यांच्याशी बोलणे होते, राष्ट्रीय हवामान सेवेचा ताजा अंदाज पाहिला जातो, आणि आसपासचे सुपरिंटेंडंट एकमेकांशी फोनवर बोलतात. शाळेच्या इमारतीत वीज आणि हीटिंग चालू आहे का, वाहनतळ साफ झाला आहे का, पुरेसे बसचालक येऊ शकतील का, हेही विचारावे लागते.

अनेक ठिकाणी हायस्कूल साडेसातच्या आसपास भरते, म्हणजे पहिली बस सहा-सव्वासहाला निघते आणि चालकाला त्याआधीच घर सोडावे लागते. जानेवारीत उत्तरेकडे सूर्य सातनंतर उगवतो. त्या अंधारात रस्त्याकडेला साचलेल्या बर्फाच्या ढिगांमुळे मुलांना थांब्यावर उभे राहायला जागा उरत नाही आणि ती रस्त्यावर येतात. चालत जाणाऱ्या मुलांच्या वाटेवरील फुटपाथ साफ झालेले नसतात. (अनेक गावांत घरासमोरचा फुटपाथ ठरावीक तासांत साफ करणे घरमालकावर बंधनकारक असते, ते काम वेळेवर केल्याने त्या मुलांची वाट मोकळी होते.) हे सर्व पाहून पाच ते साडेपाचच्या दरम्यान निर्णय होतो.

मोठे वादळ निश्चित असेल तर अनेक सुपरिंटेंडंट आदल्या संध्याकाळीच कळवतात. पण हिमवादळाचा मार्ग पन्नास-साठ किलोमीटर सरकला तरी बर्फाच्या जागी नुसता पाऊस पडू शकतो. रात्री घाईने सुट्टी जाहीर केली आणि सकाळी ऊन पडले, तर वाया गेलेला दिवस पुढे भरून काढावा लागतो (प्रश्न ११). दोन्हीकडून बोल लावला जाणार हे ठाऊक असूनही पहाटे उठून रस्ता पाहणाऱ्या या माणसांविषयी पालकांनी थोडे समजुतीने बोलावे असे मला मनापासून वाटते.

४. किती इंच बर्फ पडला की सुट्टी मिळते?

असा ठरलेला आकडा नसतो. उत्तरेकडील बफेलो शहरात सहा इंच बर्फातही शाळा भरू शकते, कारण तेथे बर्फ हटवणारी यंत्रे, रस्त्यावर टाकण्याचे मीठ आणि सवय असे तिन्ही आहे. दक्षिणेकडील शहरांत इंच-दोन इंचांनीही सर्व ठप्प होते. जाडीपेक्षा वेळ आणि प्रकार महत्त्वाचे असतात. रात्री दहाला थांबलेले आठ इंच पहाटेपर्यंत बाजूला करता येतात, पण पहाटे पाचला सुरू झालेले दोन इंच अधिक त्रासदायक ठरतात. सर्वांत वाईट म्हणजे रस्त्यावर पडताच गोठणारा पाऊस आणि त्यातून तयार होणारा, डोळ्यांना न दिसणारा ‘ब्लॅक आइस’.

२८ जानेवारी २०१४ रोजी अटलांटामध्ये जेमतेम दोन-तीन इंच बर्फ पडला. शाळा सकाळी नेहमीप्रमाणे भरल्या होत्या. दुपारी बर्फ पडू लागताच शाळा, कार्यालये आणि सरकारी कचेऱ्या जवळजवळ एकाच वेळी सुटल्या, सारे शहर एकदम रस्त्यावर आले, आणि रस्त्यांचा बर्फ झाला. हजारो मुलांना ती रात्र शाळेत काढावी लागली, काही मुले बसमध्येच अडकून पडली. दक्षिणेतील सुपरिंटेंडंट नुसत्या अंदाजावर शाळा बंद ठेवतात याचे नवल वाटत असेल, तर हा दिवस आठवावा.

५. बर्फ नाही, पण थंडी भयंकर आहे. तेवढ्यासाठी शाळा बंद ठेवतात का?

ठेवतात. तेथे पाहिला जातो तो वाऱ्यासकट अंगाला जाणवणारा गारवा, म्हणजे विंड चिल. हवेचे तापमान शून्य अंश फॅरनहाइट (उणे १८ सेल्सिअस) आणि वारा ताशी १५ मैल असेल, तर विंड चिल उणे १९ फॅरनहाइट होतो, आणि हवामान सेवेच्या तक्त्यानुसार उघड्या त्वचेला सुमारे अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. बसला वीस मिनिटे उशीर झाला तर थांब्यावरील मुलाचे काय होईल, हा हिशेब त्यामागे असतो. शिवाय अशा थंडीत डिझेलवरच्या बस कधी कधी सुरूच होत नाहीत.

३० आणि ३१ जानेवारी २०१९ रोजी शिकागोच्या सार्वजनिक शाळा याच कारणाने बंद होत्या. पहिल्या दिवशी तेथे तापमान उणे २३ फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ३१ सेल्सिअस इतके उतरले होते. मध्य-पश्चिमेतील काही डिस्ट्रिक्ट विंड चिलचा आकडा आधीच लिहून ठेवतात. आपल्या डिस्ट्रिक्टमध्ये तसा आहे का ते पुस्तिकेत पाहावे.

६. निरोप कसा येतो? आम्हाला कळलेच नाही आणि मुलाला बंद शाळेच्या दारात सोडून आलो.

फोन, एसएमएस, ई-मेल, डिस्ट्रिक्टचे संकेतस्थळ आणि स्थानिक टीव्ही अशा मार्गांनी निरोप येतो. निरोप न मिळण्याची कारणे बहुतेकदा साधी असतात : प्रवेशाच्या वेळी दिलेला नंबर बदललेला असतो, एकाच पालकाचा नंबर नोंदवलेला असतो आणि तो नेमका परगावी असतो, किंवा रात्री फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असतो. डिस्ट्रिक्टचा नंबर फोनमध्ये साठवून त्याला अपवाद द्यावा. आजी-आजोबा भारतातून आले असतील आणि मुलांना तेच बसपर्यंत नेत असतील, तर त्यांच्या इथल्या फोनचाही नंबर द्यावा, आणि निरोपात येणारे ‘क्लोज्ड’, ‘डिलेड’, ‘अर्ली डिसमिसल’, ‘रिमोट’ हे चार शब्द (प्रश्न ७ ते ९) त्यांना आधीच समजावून ठेवावेत.

७. ‘टू-अवर डिले’ म्हणजे काय? सगळेच दोन तासांनी पुढे जाते का?

सुरुवात पुढे जाते, शेवट नाही. शाळा दोन तास (काही ठिकाणी दीड तास) उशिरा भरते, बसही तितक्याच उशिरा येते, पण सुटते नेहमीच्या वेळी, आणि तासिका आखूड होतात. त्या दिवशी शाळेतला नाश्ता आणि शाळेपूर्वीची देखभाल अनेकदा रद्द होते, आणि सकाळच्या अर्धवेळ बालवाडीचा वर्ग पूर्णच रद्द होऊ शकतो. डिले जाहीर झाल्यावर तासाभराने तो पूर्ण सुट्टीत बदलण्याची शक्यता असते, म्हणून घराबाहेर पडण्यापूर्वी पुन्हा एकदा निरोप पाहावा.

८. शाळा मध्येच सोडली तर आमच्या मुलाला कोण घेणार?

‘अर्ली डिसमिसल’ हा सुपरिंटेंडंटांना सर्वांत नको असलेला पर्याय असतो, आणि त्याचे कारण प्रश्न ४ मधील अटलांटाच्या उदाहरणात आहे. तरीही तो घ्यावा लागला तर बस लवकर निघतात आणि शाळेनंतरची आफ्टरकेअर बहुधा रद्द होते. लहान मुलांना थांब्यावर ओळखीचे मोठे माणूस दिसले नाही, तर अनेक डिस्ट्रिक्टांत चालक त्यांना परत शाळेत नेतो. मुलाला घेऊन जाण्याची परवानगी असलेल्या माणसांची यादी शाळेकडे असते. त्या यादीत नाव नसेल तर सख्ख्या काकांच्या ताब्यातही मूल देत नाहीत. आपल्या कार्यालयापेक्षा शाळेच्या जवळ राहणारी किमान दोन माणसे या यादीत असावीत.

९. ‘स्नो डे’ आणि ‘रिमोट डे’ यांत फरक काय?

स्नो डे म्हणजे शाळा पूर्ण बंद : वर्ग नाही, गृहपाठाची सक्ती नाही, हजेरी नाही. तो दिवस शिक्षणाचा दिवस म्हणून मोजला जात नाही. रिमोट डे (काही राज्यांत ई-लर्निंग डे, व्हर्च्युअल डे किंवा पेनसिल्व्हेनियात फ्लेक्सिबल इन्स्ट्रक्शनल डे) म्हणजे इमारत बंद, पण शिकवणे चालू आणि हजेरीही चालू. असा दिवस वर्षाच्या हिशेबात धरायचा की नाही हे राज्याचा कायदा ठरवतो, आणि सुपरिंटेंडंटने यांतील काय निवडले हे बहुतेक वेळा त्यावरच अवलंबून असते.

१०. महासाथीत वर्षभर ऑनलाइन शाळा झाली, मग आता न्यू जर्सीत बर्फाच्या दिवशी ऑनलाइन वर्ग का घेत नाहीत?

कारण तेथे तो दिवस मोजला जाणार नाही. न्यू जर्सीत वर्षाला १८० दिवस शाळा भरणे आवश्यक आहे. २०२० मध्ये कायद्यात केलेल्या बदलानुसार ऑनलाइन दिवस त्यांत धरता येतो, पण आणीबाणी जाहीर झाल्यामुळे किंवा आरोग्य यंत्रणेच्या आदेशामुळे सलग तीनपेक्षा जास्त शालेय दिवस शाळा बंद राहिली तरच. दोन दिवसांच्या हिमवादळाला ही तरतूद लागू होत नाही. मॅसॅच्युसेट्सनेही महासाथीनंतर बर्फाच्या दिवसाऐवजी रिमोट दिवस मोजण्यास मान्यता दिलेली नाही.

नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात मात्र २०१९ च्या कायद्याने राज्याची मंजुरी घेतलेल्या डिस्ट्रिक्टला वर्षाला पाचपर्यंत असे दिवस वापरता येतात. मिनेसोटातही मर्यादा पाच दिवसांची आहे, आणि तेथील कायदा मला विशेष विचारपूर्वक केलेला वाटतो : शाळा भरण्याच्या नेहमीच्या वेळेपूर्वी किमान दोन तास पालकांना कळवले पाहिजे, शिक्षक शाळेच्या वेळेत ऑनलाइन आणि फोनवरही उपलब्ध असले पाहिजेत, आणि ज्यांच्या घरी इंटरनेट नाही त्यांची सोय योजनेतच असली पाहिजे. व्हर्जिनिया दहा दिवसांपर्यंत परवानगी देते. इंडियानात, विद्यार्थ्याने आपापल्या वेळेने काम करायचे असे दिवस वर्षाला फक्त तीन मोजले जातात. त्याहून अधिक हवे असतील तर शिक्षकाने थेट शिकवण्याचा भाग असावा लागतो. न्यूयॉर्क शहराने आपल्या कॅलेंडरमधून पारंपरिक स्नो डे काढून रिमोट दिवसांची वाट धरली. तिचा एक कटू अनुभव प्रश्न १२ मध्ये आहे.

म्हणून न्यू जर्सीतली मावशी आणि फिलाडेल्फियाजवळची आत्या यांच्या मुलांना एकाच वादळात वेगवेगळा दिवस मिळतो, आणि दोन्ही डिस्ट्रिक्ट नियमानेच वागत असतात.

११. बुडालेले दिवस कधी भरून काढतात? भारताची तिकिटे काढायची आहेत.

याचे उत्तर काळजीपूर्वक वाचावे, कारण येथे चुकणे महागात पडते. १८० दिवसांची अट असलेल्या राज्यांत डिस्ट्रिक्ट कॅलेंडरमध्ये काही दिवस राखून ठेवतात. मॅसॅच्युसेट्समध्ये यासाठी १८५ दिवसांचे वेळापत्रक आखले जाते. राखीव दिवस वापरले गेले नाहीत तर न्यू जर्सीतील अनेक डिस्ट्रिक्ट ते मेअखेरीच्या मेमोरियल डेला जोडून सुट्टी म्हणून परत देतात. उलट, राखीव दिवसही संपले तर वसंतातील सुट्टीचे दिवस कापले जातात किंवा जूनमधील शेवटचा दिवस पुढे ढकलला जातो. कोणता दिवस आधी कापायचा हे कॅलेंडरच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेले असते.

सर्वच राज्ये दिवस मोजत नाहीत. ओहायोत २०१४-१५ पासून तास मोजले जातात : सहावीपर्यंत ९१० आणि सातवी ते बारावी १००१. टेक्सासमध्ये वर्षाला ७५,६०० मिनिटे लागतात. अशा ठिकाणी अनेक शाळा मुळातच जास्त वेळ भरत असल्यामुळे तीन-चार स्नो डे कोठेही भरून काढावे लागत नाहीत, किंवा रोजचा दिवस काही मिनिटांनी वाढवून भागते. मिशिगनमध्ये दिवस आणि तास या दोन्ही अटी आहेत, पण नैसर्गिक कारणाने बुडालेले पहिले सहा दिवस माफ असतात.

तेव्हा जूनची तिकिटे काढताना छापील शेवटच्या दिवसानंतर निदान आठवडाभराची जागा सोडावी, आणि एप्रिलच्या सुट्टीत प्रवास असेल तर आधी ती कापली जाण्याचा नियम वाचावा. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवसांची अट आहे, पण पावसाच्या एका सुट्टीने मे महिन्यातले आपले बेत कधी हलले नाहीत, त्यामुळे येथेही तसेच असेल असे गृहीत धरले जाते.

१२. रिमोट डेला मुलाने दिवसभर स्क्रीनपुढे बसायचे का? आमची मुलगी तर किंडरगार्टनमध्ये आहे.

बहुतेक योजनांत मोठ्या मुलांसाठी ठरलेल्या वेळी थेट वर्ग असतात आणि लहानांसाठी थोडा वेळ थेट भेट व उरलेले घरी करायचे काम. काही डिस्ट्रिक्ट वादळापूर्वीच कागदी संच दप्तरात घालून पाठवतात, आणि लहान वयाला तेच योग्य वाटतात.

यंत्रणाच कोलमडली तर काय होते हे १३ फेब्रुवारी २०२४ रोजी न्यूयॉर्क शहरात दिसले. सुमारे नऊ लाख विद्यार्थ्यांच्या शाळांनी हिमवादळामुळे रिमोट दिवस जाहीर केला, आणि सकाळी सर्वांनी एकदम प्रवेश करू पाहताच लॉगिनची व्यवस्था बंद पडली. अनेक मुले आणि शिक्षक बराच वेळ आत जाऊ शकले नाहीत. ही आठवण दोष देण्यासाठी सांगितलेली नाही. रिमोट दिवसाची तालीम आधी घ्यावी लागते, आणि ती घरीही घ्यावी : पासवर्ड लिहून ठेवावा, शाळेचे उपकरण आदल्या रात्री चार्ज करावे, आणि मुलाला शिक्षकांचे पान एकट्याने उघडता येते का ते पाहावे.

माझे स्वतःचे मत विचारले जाते म्हणून सांगते : दुसरीपर्यंतच्या मुलांसाठी एखादा खराखुरा स्नो डे हा मोडक्या-तोडक्या रिमोट दिवसापेक्षा बरा. पाच वर्षांच्या मुलीला दोन तास कॅमेऱ्यापुढे बसवण्याने जे साधते, ते आजीबरोबर गोष्ट वाचण्याने आणि बर्फात खेळण्यानेही साधते. पण आठवी-नववीच्या पुढे सलग चार-पाच दिवस बुडणार असतील तर रिमोट वर्ग खरोखर उपयोगी पडतात. डिस्ट्रिक्टचे बोर्ड पुढच्या वर्षाचे कॅलेंडर मंजूर करते त्या बैठकीत पालकांना बोलता येते; तेथे हे मांडावे.

१३. रिमोट डेला वीज किंवा इंटरनेट गेले तर मुलाची गैरहजेरी लागेल का?

हजेरी कशी लागते हे आधी पाहावे. कोठे सकाळी लॉगिन करावे लागते, कोठे दिलेले काम ठरलेल्या मुदतीत द्यावे लागते; अनेक योजनांत कामासाठी पुढे काही दिवसांची सवड असते. वीज गेल्यास मोबाइलवरून शाळेला कळवावे आणि तो निरोप जपून ठेवावा. आधीपासूनच घरी इंटरनेट नसेल तर संकोच न करता शाळेला सांगावे, कारण हॉटस्पॉट किंवा कागदी संच देण्याची तजवीज अनेक ठिकाणी असते.

मोठ्या भागाची वीज जाण्याची चिन्हे असतील तर समंजस डिस्ट्रिक्ट रिमोट डे जाहीरच करत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये थंडीने वीजपुरवठाच कोसळला, तेव्हा ऑनलाइन शाळेला अर्थ उरला नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन चक्रीवादळानंतर नॉर्थ कॅरोलायनातील अॅशव्हिलच्या परिसरात वीज, रस्ते आणि पाणी सर्वच गेल्यामुळे शाळा सुमारे महिनाभर बंद राहिल्या.

१४. आम्ही दोघेही नोकरीला जातो. दहा वर्षांच्या मुलाला घरी एकटे ठेवले तर कायद्याचा भंग होतो का?

बहुतेक राज्यांत वयाचा ठरावीक आकडा कायद्यात नाही. मेरीलँडमध्ये आहे : आठ वर्षांखालील मुलाला घरात किंवा गाडीत एकटे ठेवता येत नाही, आणि त्याच्याजवळ थांबणारी व्यक्ती विश्वासू व किमान तेरा वर्षांची असावी लागते. इतर ठिकाणी मुलाचे वय, समज, कालावधी आणि परिस्थिती पाहून ‘दुर्लक्ष’ झाले की नाही हे ठरवले जाते, आणि वादळाच्या दिवशी वीज व हीटिंग जाण्याची शक्यता असल्यामुळे ती परिस्थिती नेहमीपेक्षा कठीण धरली जाऊ शकते. आपल्या राज्याच्या बालकल्याण विभागाची मार्गदर्शक सूचना वाचावी.

व्यवहारात उपयोगी पडते ती जवळच्या तीन-चार कुटुंबांची आधी ठरवलेली पाळी : एका वादळाला एक घर, पुढच्या वादळाला दुसरे. मात्र हे नोव्हेंबरमध्येच ठरवावे.

१५. आमच्या मुलाची आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने केलेली वैयक्तिक लेखी शिक्षण योजना) आहे. स्नो डेला त्याची स्पीच थेरपी बुडते, ती मिळणार की नाही?

संघराज्याच्या शिक्षण खात्याची भूमिका अशी आहे की शाळा सर्वांसाठीच पूर्ण बंद असेल, तर त्या काळात विशेष सेवा देण्याचे बंधन डिस्ट्रिक्टवर नसते. पण इतर मुलांना रिमोट शिक्षण दिले जात असेल, तर अपंगत्व असलेल्या मुलांनाही ते समान रीतीने मिळालेच पाहिजे, आणि आयईपीतील सेवा शक्य तितक्या पुरवल्या पाहिजेत. म्हणजे प्रश्न ९ मधील फरक येथे अत्यंत महत्त्वाचा ठरतो. ज्या मुलाला स्क्रीनवरून थेरपी घेता येत नाही त्याच्याबाबत रिमोट दिवशी काय करायचे, हे आयईपीच्या वार्षिक बैठकीतच लिहून घ्यावे. सेवा वारंवार बुडत असतील तर तारखांची नोंद ठेवून भरपाईच्या सेवांची लेखी मागणी करावी.

१६. शाळेतल्या जेवणाचे काय होते?

स्नो डेला ते बहुधा मिळत नाही. अनेक मुलांसाठी दिवसातले खात्रीचे जेवण शाळेतलेच असते, आणि शाळा बंद ठेवताना सुपरिंटेंडंटच्या मनात ही बाजूही असते. वादळ निश्चित असेल तर काही डिस्ट्रिक्ट आदल्या दिवशी टिकाऊ पदार्थांची पिशवी देतात. शेजारी असे कुटुंब असेल तर आपल्या चुलीवर दोन पोळ्या जास्त कराव्यात.

१७. शाळा चालू आहे, पण आमच्या चढाच्या रस्त्यावर बर्फ आहे. मुलाला घरी ठेवले तर चालेल का?

चालेल. आपल्या दारातला रस्ता धोक्याचा आहे की नाही याचा अंतिम निर्णय पालकांचा असतो, आणि अनेक डिस्ट्रिक्टांच्या पत्रकात तसे लिहिलेलेही असते. शाळेला सकाळीच कळवावे. ती अनुपस्थिती ‘एक्स्क्यूज्ड’ (सकारण) धरली जाईल की नाही हे मात्र डिस्ट्रिक्टच्या नियमावर आहे.

१८. खासगी शाळा, चार्टर शाळा आणि डेकेअर यांना डिस्ट्रिक्टचा निर्णय लागू होतो का?

सक्तीने नाही. पण खासगी शाळेची मुले डिस्ट्रिक्टच्या बसने जात असतील आणि डिस्ट्रिक्ट बंद असेल, तर बस येत नाही, मग शाळा उघडी असली तरीही. चार्टर शाळा (सार्वजनिक पैशांवर, पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या) सार्वजनिक असल्या तरी अनेकदा स्वतःचा निर्णय स्वतः घेतात. डेकेअरचे धोरण कराराच्या कागदात पाहावे. बंद दिवसाचे शुल्क सहसा परत मिळत नाही.

१९. रविवारची मराठी शाळा आणि शनिवारची एसएटी यांचे काय?

अनेक गावांत मराठी शाळा डिस्ट्रिक्टची इमारत भाड्याने घेऊन भरते. डिस्ट्रिक्टने वादळामुळे इमारती बंद केल्या तर मराठी शाळाही भरू शकत नाही, शिक्षक आणि मुले तयार असली तरी. त्यामुळे मराठी शाळेने पालकांना कळवण्याची आपली स्वतंत्र व्यवस्था ठेवावी. एसएटीचे (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचे) केंद्र बंद झाल्यास माहिती ती परीक्षा घेणारी संस्था कॉलेज बोर्ड देते, डिस्ट्रिक्ट नव्हे, आणि परीक्षा पुन्हा देण्याची सोय केली जाते. परीक्षेच्या सकाळी केंद्र बंद असल्याची यादी त्यांच्याच संकेतस्थळावर पाहावी.

२०. फक्त बर्फामुळेच शाळा बंद होतात का? आम्ही आता उन्हाळी प्रदेशात आलो आहोत.

नाही. फ्लोरिडा आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर चक्रीवादळांसाठी दिवस राखून ठेवतात, आणि शाळांच्या इमारती निवाऱ्यासाठी वापरल्या जात असल्यामुळे वादळ ओसरल्यावरही त्या लगेच उघडत नाहीत. फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोरमधील वातानुकूलन नसलेल्या जुन्या इमारतींतून कडक उन्हाळ्यात मुलांना लवकर सोडले जाते. कॅनडातील वणव्यांचा धूर पसरला तेव्हा ९ जून २०२३ रोजी न्यूयॉर्क शहरातील शाळांनी वर्ग ऑनलाइन घेतले. कारण कोणतेही असो, दिवस मोजण्याचे नियम प्रश्न १० व ११ मधलेच.

२१. आम्ही जानेवारीत तीन आठवडे पुण्याला आहोत. तेवढ्यात इथे रिमोट डे झाला, तर पुण्याहून लॉगिन केल्यास हजेरी लागेल का?

लागेलच असे धरून चालू नये. रिमोट दिवस हा शाळेत येऊ शकणाऱ्या, पण हवामानामुळे न आलेल्या मुलांसाठी असतो; प्रवासाची रजा त्याने हजेरीत बदलत नाही, आणि शाळेने ती रजा कशी नोंदवायची हे आधीच ठरवलेले असते. काही डिस्ट्रिक्टांची खाती सुरक्षिततेसाठी देशाबाहेरून उघडतच नाहीत. वेळेचेही गणित आहे : हिवाळ्यात पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेआठ म्हणजे पुण्यात संध्याकाळचे सात. शिक्षकांनी परवानगी दिली तर काम अवश्य करावे, पण हजेरीबाबत शाळेच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावे. सलग गैरहजेरी ठरावीक दिवसांपलीकडे गेली तर काही डिस्ट्रिक्ट मुलाचे नाव पटावरून काढतात आणि परतल्यावर रहिवासाच्या पुराव्यांसह पुन्हा नोंदणी करावी लागते. त्या मुदतीचा आकडा तिकीट काढण्यापूर्वी विचारावा.